नऊ इंची भिंत

मडकं घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो. स्ट्रक्चरल ऑडिटची सुरुवातही तशीच होते, फक्त हातात हातोडी असते. धड काँक्रीट खणखणीत वाजतं, आतून सुटलेलं बद्द. गेल्या पावसाळ्याआधी डोंबिवलीतल्या एका तळमजल्यावरच्या घरात एक कॉलम बद्द वाजला. ते घर अजून डोक्यातून जात नाही.

इमारत १९८६ ची, तळमजला अधिक चार. मुलाचं लग्न ठरलेलं, म्हणून काकूंना स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत पाडून एकच मोठी खोली करायची होती. सोसायटीला इंजिनिअरचं पत्र हवं होतं. मी पोचायच्या आधीच ठेकेदाराच्या पोरांनी दाराच्या बाजूने वरचे दोन थर हातभर काढले होते. कोपऱ्यातल्या कॉलमवरचं प्लायवुडही उतरवलं होतं. पलीकडे बाथरूम.

गिलावा छिन्नीने काढला आणि आतल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन फवारलं. चांगल्या काँक्रीटवर त्याचा गडद गुलाबी रंग येतो. काँक्रीटचा तेवढा अल्कधर्मी (आम्लाच्या उलट) गुण शिल्लक असला की सळई सहसा गंजत नाही. इथे सळईपर्यंत गुलाबी ठिपकाही उमटला नाही. १६ मिलिमीटरची सळई घासून व्हर्नियरने मोजली, एका जागी ९ भरली. ऐकायला निम्म्याहून जास्त वाटते, पण भार पेलतं ते क्षेत्रफळ, आणि ते एक तृतीयांशही उरलं नव्हतं. उभ्या सळयांना बाहेरून आवळून धरणाऱ्या दोन रिंगा बोट लावताच खारीच्या पापुद्र्यासारख्या गळाल्या. रिंगा गेल्या की उभ्या सळया भाराखाली बाहेर फुगतात. बीम वाकून दाखवतो, स्लॅब पोपडे टाकतो. कॉलम बऱ्याचदा काही न सांगता जातो.

मग चार मजले उभे कशावर होते? उत्तर ठेकेदाराच्या एका पोरानेच दिलं. "साहेब, विटा निघतच नव्हत्या, घट्ट दाबल्यात." कॉलम खचत गेला तसा बीम हळूहळू भिंतीवर टेकत गेला होता. आराखड्यात जिच्यावर काहीच भार धरलेला नाही, ती नऊ इंची भिंत कित्येक वर्षं घरं पेलत होती. आम्ही तीच पाडायला निघालो होतो.

काम थांबवलं. जाड फळ्यांवर लोखंडी जॅक उभे केले, आधी तळमजल्यावर, मग वर एकेका मजल्यावर. त्या रांगेतली पाचही घरं संध्याकाळपर्यंत रिकामी करायला लावली. तिसऱ्या मजल्यावरच्या ताई म्हणाल्या, "कुकर लावलाय, तीन शिट्ट्या होऊ द्या." मी जिन्यात उभा राहून त्या तीन शिट्ट्या मोजल्या.

तीस वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट दर तीन वर्षांनी करायचं, हे सोसायटीच्या उपविधीत आहे. पण लोक सर्वांत स्वस्त ऑडिटर शोधतात, आणि स्वस्तातला माणूस गच्ची आणि पार्किंगचे फोटो काढून जातो. बाहेरच्या रंगाला लाखो रुपये सहज जमतात. ओल दिसली की पुट्टी भरतात. वयावरही कुणी जाऊ नये. महाडची २०२० मध्ये कोसळलेली पाच मजली इमारत दहा वर्षांचीही नव्हती.

एवढं बोलायचा अधिकार मला किती आहे, हे मात्र ठरत नाही. तीन वर्षांपूर्वी याच इमारतीचं ऑडिट मीच केलं होतं. तेव्हा त्या प्लायवुडला टेकून पलंग होता आणि पलंगावर काकूंच्या सासूबाई, अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना हलवायला सांगणं जिवावर आलं. अहवालात लिहिलं, 'सदर कॉलमची पाहणी शक्य झाली नाही.' नंतर पुन्हा गेलो नाही. ती ओळ कमिटीत कुणी वाचली नसेल, पण लिहिणाऱ्याला तिचा अर्थ माहीत होता. आजी त्याच पलंगावर पुढे वर्षभर होत्या.

आता कॉलमला जॅकेटिंग झालंय, नव्या सळया, नवं काँक्रीट. सगळे परत राहायला आलेत. परवा काकूंचा फोन आला, "भाऊ, आता तरी ती भिंत पाडता येईल ना? लग्न दिवाळीनंतर आहे." हिशोब मी दोनदा केलाय. कॉलम सगळा भार घेतो, भिंतीची गरज नाही. पत्र टाइप करून ठेवलंय. सही अजून केलेली नाही.