आंबेमोहोरची पिशवी आणि सिस्टर कोरिटा

गेल्या ऑगस्टमध्ये मी आयुष्यातली पहिली स्क्रीन प्रिंट काढली, इथे लॉस एंजेलिसमध्येच, एका छोट्या स्टुडिओत चार शनिवारचा क्लास होता. लग्नपत्रिका छापतात तेच तंत्र, पण मला ते शिकायचं होतं सिस्टर कोरिटामुळे.

कोरिटा केंट या नन होत्या आणि पॉप आर्टिस्टही, म्हणजे जाहिराती आणि रोजच्या वस्तूंवरून चित्रं करणाऱ्या. जन्म 1918 चा, आयोवातला, 18 व्या वर्षी इथल्या इमॅक्युलेट हार्ट या नन्सच्या संघात आल्या आणि पुढे त्यांच्याच कॉलेजात आर्ट शिकवायला लागल्या. 1962 मध्ये अँडी वॉरहॉल या पॉप आर्टिस्टची सूपच्या कॅनची चित्रं इथल्या फेरस गॅलरीत लागली होती ती त्यांनी पाहिली आणि मग त्यांच्या प्रिंटमध्ये चक्क किराणा मालाची भाषा आली. ब्रेडच्या पाकिटावरचे रंगीत ठिपके घेऊन चर्चमधल्या प्रसादाच्या ब्रेडबद्दल बोलल्या, 1964 मध्ये तर टोमॅटोच्या जाहिरातीवरून मेरी मातेला सगळ्यात रसाळ टोमॅटो म्हटलं. इथल्या कार्डिनलना, म्हणजे कॅथलिक चर्चच्या बड्या धर्मगुरूंना, त्यांचं काम अजिबात पटायचं नाही. मला मात्र ती प्रिंट बघून एकदम सावता माळीच आठवला, ज्याला मळ्यातल्या भाजीत विठ्ठल दिसायचा. मला तरी त्यात देवाचा अपमान कुठेच दिसत नाही, उलट देव घरात आल्यासारखा वाटतो.

तर मी घेतली आई येताना घेऊन आली होती ती आंबेमोहोर तांदळाची पिशवी. कोरिटा जाहिरातीचा कागद दुमडून चुरगळून त्याचा फोटो काढायच्या आणि त्या वाकड्या अक्षरांवरून स्टेन्सिल करायच्या, मीही तसंच केलं. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी असतात त्यामुळे ती वेगवेगळी झुकतात, पण देवनागरीत घडी पडली की आख्खी शिरोरेखा लाटेसारखी वर-खाली होते आणि अक्षरं तिला लटकून हलताना दिसतात. हे बघून मी कितीतरी वेळ नुसतीच बसले होते, आपल्या लिपीकडे असं कधी बघितलंच नव्हतं.

त्या अक्षरांची फिल्म काढली, म्हणजे पारदर्शक शीटवर काळी अक्षरं. स्क्रीनच्या जाळीवर इमल्शन, म्हणजे लाइटने कडक होणारा लेप, लावायचं, अंधारात वाळवायचं, वर फिल्म ठेवून लाइट द्यायचा, जिथे काळं अक्षर तिथे लाइट पोचत नाही म्हणून तेवढं इमल्शन मऊ राहतं आणि पाण्याने धुतलं की जाळी मोकळी होते, तिथूनच शाई उतरते. माझी फिल्म पुरेशी काळी आली नव्हती आणि वर लाइटही जास्त दिला गेला. धुतल्यावर बाकी सगळं उघडलं पण "आं"वरचा अनुस्वार बंदच, फवारा मारून मारून हात दुखले तरी उघडेना. प्रिंटवर आलं "आबेमोहोर". टीचर म्हणाल्या एवढा ठिपका कोणाच्या लक्षात येतोय, पण मला ते चालणारच नव्हतं, त्या ठिपक्याशिवाय तो शब्दच नाही. पुढच्या शनिवारी इमल्शन काढून सगळं पहिल्यापासून केलं, फिल्म दोन काढून एकावर एक जुळवून चिकटवल्या म्हणजे काळं गडद होतं, आणि या वेळी अनुस्वार उघडला, पलीकडचा उजेड त्यातून टाचणीच्या टोकाएवढा दिसला.

छापताना पहिला रंग पिवळा, वर केशरी. उन्हाळ्यात पाण्याची शाई जाळीतच वाळायला लागते, म्हणून एक कागद झाला की दुसरा लगेच, स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, तिरकी धरून एकसारख्या दाबाने ओढायची, मध्ये थांबलात तर पट्टा उमटतो. 20 कागदांपैकी 9 चांगले आले, बाकीच्यात दोन रंग जागेवर बसले नाहीत.

क्लास संपल्यावर फ्रँकलिन अव्हेन्यूवरची कोरिटांच्या स्टुडिओची इमारत बाहेरून बघून आले. साधी, बैठी इमारत आहे, 2021 मध्ये शहराने तिला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला. 1968 मध्ये त्यांनी संघ सोडला आणि बॉस्टनला गेल्या, तिथे गॅसच्या प्रचंड टाकीवरचं इंद्रधनुष्य त्यांचंच, 1985 चं लव्ह नावाचं पोस्टाचं तिकीटही, आणि पुढच्याच वर्षी कॅन्सरने गेल्या.

माझ्या प्रिंटमध्ये अजून एक रंग राहिलाय, फ्लोरोसंट गुलाबी. शाई आणून ठेवलीये, पुढच्या शनिवारी स्टुडिओ मिळालाय.