आठ नंबरचा एक नंबर कसा झाला

टेंडाई म्टावारिरा, म्हणजे डर्बनच्या रग्बी प्रेक्षकांचा लाडका 'बीस्ट', म्हटलं की सगळे त्याच्या ताकदीबद्दल बोलतात. मला त्याची कारकीर्द मोठी वाटते ती वेगळ्याच कारणासाठी. शाळेत तो स्क्रमच्या मागच्या फळीतला, नंबर आठवर खेळणारा. दक्षिण आफ्रिकेकडून ११७ कसोटी मात्र तो खेळला एक नंबरवर, लूजहेड प्रॉप म्हणून, म्हणजे स्क्रमच्या पुढच्या फळीत डावीकडे.

जन्म हरारेचा, १९८५ चा. आधी चर्चिल स्कूल, मग मारोंडेराचं पीटरहाउस. क्रेव्हन वीक या दक्षिण आफ्रिकेतल्या शालेय स्पर्धेत तो झिम्बाब्वेकडून खेळला, डर्बनच्या शार्क्स संघाच्या नजरेत भरला आणि डर्बनला त्यांच्या अकादमीत गेला. तिथे प्रशिक्षक डिक म्यूर यांनी त्याला प्रॉप व्हायला सांगितलं.

स्क्रम म्हणजे दोन्ही संघांच्या आठ-आठ जणांनी वाकून, एकमेकांत अडकून बॉलसाठी ढकलणं. हे किती अवघड आहे ते त्यात डोकं घातल्याशिवाय कळत नाही. १९ वर्षांखालच्या रग्बीत स्क्रम दीड मीटरपेक्षा जास्त ढकलता येत नाही. सीनियरमध्ये ती मर्यादा नाही, आणि समोर दहा-दहा वर्षं हेच काम केलेला टाइटहेड, म्हणजे त्यांचा उजवीकडचा प्रॉप, उभा असतो. नंबर आठला बॉल बघायची, लवकर सुटून पळायची सवय असते. प्रॉपने नजर वर केली की मान उचलली जाते, पाठीला बाक येतो आणि मागून ढकलणाऱ्या लॉकचा (दुसऱ्या फळीतल्या खेळाडूचा) सगळा जोर पुढे जायच्या ऐवजी वर निघून जातो. पाय फार मागे टाकले तर गुडघ्यांत ढकलायला वाकच उरत नाही, मग स्क्रम कोसळतो. चूक मानेवर आली तर दुखापत गंभीर असते. म्हणूनच प्रशिक्षण नसलेल्याला पुढच्या फळीत उभं करायला नियमच परवानगी देत नाहीत.

लूजहेडचं डोकं बाहेरच्या बाजूला असतं, त्यामुळे डावा खांदा मोकळा राहतो. उजव्या हाताने स्वतःच्या हुकरला, म्हणजे दोन प्रॉपच्या मधल्या खेळाडूला, धरायचं. डावा हात समोरच्या टाइटहेडच्या उजव्या हाताच्या आतून घालून त्याच्या पाठीवरची किंवा कुशीवरची जर्सी पकडायची. दंड धरला किंवा खाली खेचलं तर पेनल्टी. उजवा खांदा त्याच्या छातीखाली गेला की निम्मं काम झालं. कुस्तीत पटात शिरतात तसंच, आधी खाली जाईल त्याचा डाव.

२० जून २००९, डर्बन, ब्रिटिश आणि आयरिश लायन्सविरुद्धची पहिली कसोटी. त्यांचा टाइटहेड फिल व्हिकरी उंच. बीस्ट त्याच्या छातीखाली शिरला की व्हिकरीची पाठ वाकायची आणि तो वर उचलला जायचा. पेनल्टीमागून पेनल्टी मिळाल्या, दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच व्हिकरीला बाहेर काढावं लागलं. दक्षिण आफ्रिका २६-२१ ने जिंकली. बीस्ट आत तिरका ढकलत होता, हा आक्षेप आजही घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. पण टाइटहेडने आपली उंची राखली तर तिरकं ढकलणं इतकं सोपं नसतं. दुसऱ्या कसोटीत बुटका, जाडजूड ॲडम जोन्स सुरुवातीपासून उतरला, खाली बसला, आणि लायन्सचा स्क्रम सावरला. शिकणाऱ्या प्रॉपने हे दोन सामने लागोपाठ बघावेत.

मधल्या काळात त्याच्या दक्षिण आफ्रिकन नागरिकत्वाचा वाद झाला, २०१० मध्ये तो मिटला.

२ नोव्हेंबर २०१९, योकोहामा, वर्ल्ड कप फायनल. तिसऱ्याच मिनिटाला इंग्लंडचा टाइटहेड काइल सिंकलर डोक्याला मार लागून बाहेर गेला आणि डॅन कोलला जवळजवळ पूर्ण सामना खेळावा लागला. टाइटहेडचे दोन्ही खांदे दाबाखाली असतात, एवढा वेळ ते काम करणं म्हणजे छळ आहे. बीस्टने पहिल्या हाफमध्ये कोलला मागे रेटत नेलं, स्क्रममधून पेनल्टी मिळवून दिल्या, आणि दुसऱ्या हाफमध्ये लवकरच ताजातवाना स्टीव्हन किट्सहॉफ त्याच्या जागी आला. कोलला मात्र विश्रांती नव्हतीच. दक्षिण आफ्रिका ३२-१२ ने जिंकली. त्यानंतर काही दिवसांतच बीस्टने आंतरराष्ट्रीय रग्बीतून निवृत्ती जाहीर केली.