वाढपी, मुक्काम न्यूयॉर्क

आज सेंट जॉन द डिव्हाइन कॅथीड्रलच्या रविवारच्या सूप किचनमध्ये वाढायला गेले होते. ॲम्स्टरडॅम ॲव्हेन्यूवरचं हे अवाढव्य एपिस्कोपल चर्च, म्हणजे अँग्लिकन परंपरेतलं. पायाभरणी १८९२ची, लांबी ६०१ फूट, आणि बांधकाम अजून अर्धवटच. इथले लोक लाडाने त्याला 'सेंट जॉन द अनफिनिश्ड' म्हणतात.

पर्यटक वर मान करून गोल खिडकीचे फोटो काढतात. मला मात्र जेवणाच्या रांगेतच जास्त रस. कुणी धर्म विचारत नाही, कागदपत्रं मागत नाही. एक आजोबा ताट घेताना म्हणाले, "बटाटा जास्त, बीन्स कमी." थेट गावच्या भंडाऱ्याची पंगत! फक्त आग्रह करणारं कुणी नाही, ती कसर मी भरून काढली. आजोबांना बीन्सही खावे लागले.

अन्नाइतकीच गर्दी जुन्या कपड्यांसाठी असते. थंडीत मोज्यांना कोटापेक्षा जास्त मागणी, हे मला इथेच कळलं. आणि मदतीला येणारे सगळे चर्चचेच असतात असंही नाही. आज माझ्या शेजारी भांडी घासणारी मुलगी ज्यू होती, पलीकडचा मुलगा कशालाच न मानणारा. खरकटं काढताना देवावर त्यांचा जोरदार वाद चालला होता. मी साबण पुढे सरकवत राहिले.

अपर वेस्ट साइडच्या मराठी मंडळींनो, घरात वापरात नसलेले लोकरी मोजे असतील तर मला मेसेज करा. धुतलेले द्या म्हणजे झालं.