मृत्युपत्र कोर्टात टिकतं ते साक्षीदारांमुळे

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, कोरा कागद चालतो. नोंदणीचीही सक्ती नाही. एवढं सोपं असूनही ते कोर्टात पडू शकतं, आणि कच्चा दुवा बऱ्याचदा सह्यांच्या पानावरच सापडतो.

भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ नुसार किमान दोन साक्षीदार हवेत. तुम्ही सही करताना त्यांनी पाहावं आणि तुमच्यासमोर स्वतःची सही करावी. तिघांनी एकाच बैठकीत सह्या केलेल्या बऱ्या. पुढे वाद झाला तर निदान एका साक्षीदाराला कोर्टात साक्ष द्यावी लागते, म्हणून साक्षीदार तुमच्याहून लहान वयाचे आणि सहज सापडतील असे निवडा. तुमचं वय झालं असेल तर मन-बुद्धी शाबूत असल्याचं त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. डॉक्टरच साक्षीदार झाले तर फारच उत्तम. ज्याला काही मिळणार आहे त्याची सही मात्र साक्षीदार म्हणून नको. हिंदूंच्या बाबतीत तेवढ्याने मृत्युपत्र रद्द होत नाही, पण संशयाला जागा राहते. ख्रिस्ती किंवा पारशी व्यक्तीच्या मृत्युपत्रात मात्र अशा साक्षीदाराचा वाटाच जातो, त्याच्या जोडीदाराचाही.

‘माझी सर्व मिळकत’ एवढ्यावर भागवू नका. शेताचा गट नंबर आणि क्षेत्र लिहा, सदनिकेचा क्रमांक आणि सोसायटीचं नाव लिहा. हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत फक्त तुमचा हिस्सा देता येतो. त्यात मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. उल्लेख राहून गेलेल्या मिळकतीसाठी ‘उर्वरित सर्व’ कोणाला, हे एक वाक्य हवंच. वारस तुमच्याआधी गेला तर त्याचा वाटा कोणाला, तेही लिहा.

‘नॉमिनी लावलाय, मग मृत्युपत्र कशाला?’ हा गैरसमज काही केल्या जात नाही. शेअर्सचा नॉमिनी मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं. सोसायटीतही वारस ठरेपर्यंत तो तात्पुरता सभासदच असतो.

दुय्यम निबंधकाकडे नोंदणी जरूर करा, पण नंतर केलेलं साध्या कागदावरचं मृत्युपत्रही आधीच्या नोंदणीकृत मृत्युपत्रावर मात करतं. त्यामुळे तारीख आणि ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे शब्द विसरू नका.

मूळ प्रत फक्त स्वतःच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. तुमच्यामागे तो उघडून घ्यायलाच कागदपत्रं जमवत बसावं लागेल. मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला व्यवस्थापक म्हणून नेमलेल्या माणसाला जागा सांगून ठेवा, किंवा मोहोरबंद पाकीट जिल्हा निबंधकाकडे जमा करा.