गुडघ्याएवढी आग

गेल्या मे महिन्यात आमच्या बारा एकरांच्या तुकड्यावर जा जा वुरुंग या इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या पथकाने गवत जाळलं. आमची मेंढरांची जमीन ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, बेंडिगो शहराच्या दक्षिणेला आहे. ते लिआंगानूक म्हणतात तो माउंट अलेक्झांडर डोंगर इथून दिसतो.

त्याआधी ठरलेला दिवस दोनदा रद्द झाला. एकदा गवत बुडाशी ओलं होतं, एकदा वारा फिरला. दोन्ही वेळा मी मेंढरं हलवून बसलो होतो, त्यामुळे चांगलाच कातावलो. तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्यालाही झोप नव्हती. 7 फेब्रुवारी 2009 च्या वणव्यांत व्हिक्टोरियात 173 माणसं गेली, बेंडिगोतली घरंही जळाली. त्याने ते सगळं पाहिलंय. त्याला ‘घाबरू नका’ सांगायला माझी जीभ रेटेना.

आधी त्यांनी काय केलं, तर फावडी घेऊन जुन्या बॉक्सच्या (निलगिरीची एक जात) झाडाभोवतीचा पाला ओढून काढला. त्या खोडावर एक लांबट खोल व्रण आहे. मी इतकी वर्षं तो विजेचा समजत होतो! भांडं करायला त्यांच्या पूर्वजांनी कोणे एके काळी तिथली साल सोलून घेतली होती. असं झाड तोडणं 2006 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि मी एकदा सरपणाच्या नजरेने त्याच्याकडे पाहिलं होतं.

दव वाळल्यावर एकाच जागी काडी लावली. आग गोल पसरत गेली, जेमतेम गुडघ्याएवढी, माणूस सोबत चालेल इतकी सावकाश. मुंग्यांची रांग खोडावर चढताना दिसली. किडामुंगी, सरडे यांना पळायला वाट राहते ती अशी. झाडावरचं एकही पान करपलं नाही. थोड्या वेळाने राखेवर तळहात ठेवला, तर जमीन नुसती कोमट. संध्याकाळी दव उतरलं आणि उरलंसुरलं आपोआप विझलं.

इथलं कांगारू ग्रास वर्षानुवर्षं जाळलं नाही, तर स्वतःच्याच वाळक्या गादीखाली गुदमरतं. मग ती जागा फॅलेरिस हे बाहेरचं गवत बळकावतं. ते आमच्यासारख्यांनीच चाऱ्यासाठी आणलेलं.

जा जा वुरुंग बायका खणकाठीने मुर्नाँग या रानफुलाचे खायचे कंद काढत, ती रानंही मेंढरांनीच फस्त केली. माझीही मेंढरंच, म्हणून हे टाळून पुढे जाता येत नाही.

शेतकरी मित्र विचारतात, आपण काय करायचं? बहुतेक वेळा फाटक उघडायचं आणि तारखेचा हट्ट सोडायचा. सीएफए, म्हणजे इथलं ग्रामीण अग्निशमन दल, त्यांच्याकडची नोंद, परवाना लागला तर तोही, वेळेत करायचा. त्यांच्या दिवसाचं बिल मागून घ्यायचं आणि भरायचं. चहा-सँडविचवर भागवू नका. एक शिबिर करून स्वतः पेटवायला निघू नका, ते ज्ञान त्यांचं आहे. आणि जाळल्यावर मेंढरं बाहेर ठेवा. हे सगळ्यात महाग पडतं. कोवळे कोंब वर आले, मेंढरं तारेला नाक लावून उभी, आणि मी बाजारातून गवताच्या गासड्या आणतोय!

ऑक्टोबरमध्ये त्या बॉक्सच्या झाडाजवळ जांभळी फुलं दिसली. वाकून वास घेतला तर चक्क चॉकलेटचा. चॉकलेट लिली! मोजली, नऊ होती. मुर्नाँग मात्र अजून एकही नाही.