आडव्या झाडाचं माप

मे महिना सरत आला की खानदेशात वावधन सुटतं. रावेर-यावलकडच्या केळी झोपल्या, तर त्याची बातमी दुसऱ्या दिवशी पेपरात येते. सातपुड्यातल्या गाडीवाटेवर सालई आडवी झाली, त्याची येत नाही. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता सोडून गाडी उत्तरेला डोंगरात शिरली आणि वळणावर बंपरसमोर खोड आलं, की मग ती कळते. म्हणून जीपच्या मागे चेनसॉ, म्हणजे फिरत्या दातेरी साखळीची करवत, हवी. कोणती, हा घोळ तिथून सुरू होतो.

दुकानदार आधी ५८ सीसीचं, २२ इंची पट्टीचं (चेन जिच्याभोवती फिरते ती) धूड काउंटरवर ठेवतो. "नाना, हेच घ्या, पुन्हा विचार नको." मोठं ते चांगलं, हा आपला ट्रॅक्टरपासूनचा हिशेब. पण वाटेवर ही लांब पट्टी नडते. टोक खोडाच्या पलीकडे कुठे पोचलंय ते दिसत नाही, ते दगडाला घासतं आणि क्षणात चेनचे निम्मे दात बोथट होतात. भरलेलं मशीन सात-आठ किलोंचं, वाकून धरलं की पाचव्या मिनिटाला कंबर बोलते. दमलेल्या हातात चेनसॉ नको.

खरं तर झाड तोडायचंच नसतं, गाडीपुरती फट पाडायची असते. आठ फुटांत दोन काप, मधला तुकडा लोटला की झालं. फूटभर जाडीच्या ओल्या सागाचा असा तुकडा दीड क्विंटलच्या घरात जातो. अंजन असेल तर आणखी जड, त्याचं लाकूड पाण्यात बुडतं. मग आणखी एक काप देऊन अर्धे अर्धे लोटायचे. एवढ्या कामाला ३५ ते ४० सीसी आणि १४ किंवा १६ इंची पट्टी भरपूर झाली. १६ इंचांची पट्टी दोन्ही बाजूंनी चालवली तर सव्वादोन फुटांचं खोडही निघतं. त्याहून जाड आडवं आलं तर गाडी मागे घ्यावी.

बॅटरीवाल्या चेनसॉ आता बऱ्या मिळतात. आवाज कमी, दोरी ओढणं नाही. पण जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांत बंद गाडीत ठेवलेली बॅटरी तापते, आणि तापलेली बॅटरी ऐन कामाला मान टाकते. ती सावलीत, सीटखाली ठेवणार असाल तर जरूर घ्या. मनगटाएवढ्या फांद्यांसाठी मात्र घडीची हातकरवत पुरते, आणि निम्म्या वेळा काम तिच्यावरच भागतं.

पेट्रोलवाली घेतली तर २टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्येच कालवायचं ऑइल, आलंच. लुनाच्या काळात पंपावर हे ऑइल सहज मिसळून मिळायचं, त्यामुळे जुन्या पिढीला सांगावं लागत नाही. ५०:१, म्हणजे पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल, लिटरला २० मिलि: खोकल्याच्या औषधाचं १० मिलिचं टोपण दोनदा. काही स्वस्त मशीनला २५:१ लागतं, म्हणजे टोपण चारदा. मशीनच्या पुस्तकात असेल तेच घालायचं. कोरं पेट्रोल भरलं तर पिस्टन काही मिनिटांत ओरखडतो, आणि दुरुस्ती नव्या मशीनच्या किमतीला जाऊन भिडते. कालवलेलं पेट्रोल महिनाभरापलीकडे ठेवू नये. आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला ओल धरते, कार्ब्युरेटरचा पातळ पडदा आखडतो, आणि पावसाळ्यात पहिल्यांदा हाक मारल्यावर मशीन ढिम्म. घरी आलं की टाकी रिकामी करायची आणि आपोआप बंद पडेपर्यंत मशीन चालवायचं. उन्हात कॅन फुगलेला असतो, त्याचं झाकण हळू फिरवायचं, तेही गरम मशीनपासून लांब.

चेनचं ऑइल वेगळं. पेट्रोल भरताना दरवेळी तेही भरायचं, टाक्यांची मापं त्याच बेताने केलेली असतात. गाडीचं जळकं ऑइल फुकटात मिळतं, पण त्यात धातूचा चुरा असतो आणि ते चेनला चिकटूनही राहत नाही. हे मशीन नुसतं ठेवलेलं असलं तरी ऑइल गाळतं. १५ किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा उभा चिरून आडवा केला, की खाली ठेवायला फुकटचा ट्रे.

दाताकडे एकदा भिंग लावून बघावं. १९४६ साली अमेरिकेत ओरेगॉनच्या जंगलात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने भुंग्याची अळी लाकूड कुरतडताना पाहिली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. आजच्या चेनचे बाकदार दात तिथून आले. आपल्याकडे बाभळीच्या सरपणातून रात्री करकर ऐकू येते, तेही काम अळीचंच, फक्त तिचं पेटंट कुणी घेतलं नाही. दात बोथट झाला की कपच्यांऐवजी पिठासारखा भुसा पडतो. तिथे जोर लावायचा नाही, थांबायचं. बारीक चेनला, म्हणजे ३/८ लो-प्रोफाइलला, ४ मिमीची गोल कानस. प्रत्येक दाताला दोन-तीन घास, आतून बाहेर, एकाच दिशेने. जादा चेन विकत घेताना नुसते इंच सांगून चालत नाही. पिच (कड्यांमधल्या अंतराचं माप), गेज (पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी) आणि त्या कड्या मोजून तिन्ही आकडे सांगावे लागतात.

सगळ्यात जास्त फजिती पट्टी चिमटली की होते. खोड दोन्ही टोकांना टेकलेलं आणि मध्ये अधांतरी असेल, तर वरची बाजू दाबलेली असते, खालची ताणलेली. म्हणून आधी वरून एक तृतीयांश, मग खालून. एक टोक अधांतरी असेल तर उलट, आधी खालून थोडं आणि मग वरून. चुकलं की खोड पट्टीला दातओठ खाऊन धरतं. हिसकायचं नाही. मशीन बंद करून प्लॅस्टिकची पाचर ठोकायची. तीही नसेल तर १३-१९च्या पान्याने नट सोडवून इंजिन तरी मोकळं करायचं. मुरमात रुतलेलं खोड पाऊणच कापावं, लोटावं आणि उरलेलं दुसऱ्या अंगाने घ्यावं.

पट्टीच्या टोकाचा वरचा अर्धा भाग लाकडाला लागला की मशीन तोंडाकडे उसळतं, म्हणून मशीनवर दोन्ही हात आणि चालू स्थितीतला चेनब्रेक (उसळी आली की चेन थांबवणारा) हवाच. आपल्या मुलखात डोक्याला रुमाल हवाच, पण त्याची लोंबती टोकं शर्टात खोचून. आणि दोरी ओढण्याआधी ढोलीत काठी घालून, फांद्यांकडे मान वर करून बघावं. पडलेल्या झाडावरचं आग्यामोहोळ झाडाबरोबरच रागावलेलं असतं.

जंगलाची हद्द असेल तर आधी वनरक्षकाला फोन. यावल अभयारण्यात शिरायलाच परवानगी लागते, आणि वनगुन्ह्यात वापरलेलं हत्यार जप्त करायची तरतूद १९२७च्या कायद्यात आहे. पडलेलं झाडही सरकारचंच. कापलेले तुकडे वाटेच्या कडेला रचून ठेवावेत. चुलीसाठी म्हणून सागाचा एकच ओंडका डिकीत टाकला, तर पुढच्या नाक्यावर वाट आपण मोकळी केली हे कोण ऐकून घेणार?