वयर आसय

आमच्या घरात मोबाइलला रेंज मिळायच्या जागा ठरलेल्या आहेत. खळ्यात तुळशीच्या उजव्या अंगाला चार पावलं, पडवीतल्या खिडकीचा डावा गज, आणि फारच निकड असली तर थेट सडा, म्हणजे वरचं कातळाचं पठार. खिडकीच्या त्या गजाला आईने सुतळीने एक कापडी पिशवी बांधली आहे. फोन दिवसभर तिच्यात. वाजला की धावत यायचं, पण आत न्यायचा नाही. तिथेच उभं राहून, मान गजाकडे वाकडी करून बोलायचं. वेंगुर्ल्याकडच्या आमच्या वाडीतली निम्मी माणसं मुंबईला गेली तरी फोनवर मान वाकडी करूनच बोलतात.

अशा घरातला मी परवा दिल्लीहून गोव्यातल्या मोपा विमानतळावर येत होतो, आणि विमानात वाय-फाय होतं. फोन फ्लाइट मोडवरच ठेवायचा, वाय-फाय तेवढं चालू करायचं. दहा किलोमीटर उंचीवर, खाली सगळा कापूस पिंजलेला, आणि माझ्या फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या! पहिला मेसेज आला तो ऑफिसचा. 'फाइल बघितलीस का?' विमानप्रवासातलं एकमेव खरं सुख होतं, दोन-अडीच तास कोणाचंच नसण्याचं. 'विमानात होतो' म्हटलं की साहेबही गप्प बसायचे. गेलं ते.

मग उगाच आईला लिहिलं, 'अजून वयरच आसय.' एक टिक.

वाट बघणं आमच्याकडे वंशपरंपरेने आलं आहे. आजोबा बोटीने मुंबईला ये-जा करायचे. बोट बंदरापासून लांब उभी राहायची, माणसं पडावातून किनाऱ्याला लागायची. आजोबा आले हे आजीला कळायचं भोंग्यावरून, आणि ते खरोखर त्याच बोटीत आहेत हे कळायचं ते दारात उभे राहिल्यावर. पुढे १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि तिच्याबरोबर नव्वदच्या वर बोगदे आले. मोबाइल आल्यावर त्यातला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आम्हाला विशेष परिचयाचा झाला. उक्षी स्टेशनाला तुटलेलं वाक्य बोगद्यापलीकडच्या भोके स्टेशनाला जोडून घ्यायची सवयच लागली. पलीकडचा माणूसही घाबरत नाही. 'बोगदो इलो' म्हणतो आणि भाकरी उलटायला जातो.

विमानाचं गणित त्याहून अजब. त्याच्या पाठीवर एक फुगवटा असतो, त्यात अँटेना. ती उपग्रहाशी बोलते. काही उपग्रह पाच-साडेपाचशे किलोमीटरवरून फिरतात, काही विषुववृत्तावर जवळजवळ छत्तीस हजार किलोमीटर उंच, एका जागी ठाण मांडून असतात. माझा मेसेज अशाच एका ठाणबंद उपग्रहाकडून गेला असं धरू. वर जाऊन पुन्हा जमिनीवर यायला बहात्तर हजार किलोमीटरची खेप, आणि तिला लागतो जेमतेम पाव सेकंद. मग केबलमधून देशभर फिरून तो आमच्या सड्यावरच्या टॉवरपाशी पोचला. तिथून खिडकीच्या गजापर्यंत अंतर दीड किलोमीटर. तिथे अडला. वीज गेली असणार. वीज गेली की आमचा टॉवरही डुलकी काढतो.

वीस मिनिटांनी दुसरी टिक पडली. पाठोपाठ आईचा आवाज आला, कारण आई लिहीत नाही, बोलून पाठवते. मागे कोंबड्यांचा कलकलाट.

"वयर म्हणजे खंय? उतारलंस काय नाय?"

मी लिहिलं, 'विमानातच आसय. हयसून मेसेज जातत आता.'

बराच वेळ काही नाही. मग, जरा दबक्या आवाजात, "पायलटाक इचारलंस मां?"

मला हसू आवरेना. शेजारच्या बाई लॅपटॉपवर कसलीतरी मीटिंग मुकाट्याने ऐकत होत्या. बिचाऱ्या.

सह्याद्री मागे पडला. विमान कलंडलं तेव्हा खाली पिवळं पडू लागलेलं भात दिसलं, लाल रस्ता, माडांच्या रांगेपलीकडे समुद्राची कड. आमची वाडी यातच कुठेतरी होती. आईचा आवाज पुन्हा आला, "खंयपर्यंत इलंस?"

मी लिहिलं, 'तुझ्या डोक्यार.' पाठवलं, तोवर वाय-फाय गेलं. भारतातल्या २०१८च्या नियमांत ही सोय तीन हजार मीटरच्या वरच द्यायची असं ठरलं, आणि घर दिसायची वेळ नेमकी त्याच्या खालची.

उतरल्यावर आईला फोन लावला, लागला नाही. गाडी केली. तासाभराने खळ्यात पाय ठेवला तर आई नारळ सोलत बसलेली. "इलंस?" म्हणाली, हात पदराला पुसले, पाण्याचा तांब्या आणायला वळली. इतक्यात घरातला पंखा फिरू लागला. थोड्या वेळाने खिडकीतल्या पिशवीतून टुंग असा आवाज आला.

"थांब हां," म्हणत आई तांब्या तसाच ठेवून गजाकडे धावली. "कोणाचो तरी मेसेज इलो."